तिसरी हाक

कुलसूम आपा गेल्याची बातमी मला फोनवर कळली, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरंच आहे. फक्त फोन वाजण्याआधी जे झालं ते मी गाळते. मे महिन्यातली पुसदची दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मी मागच्या अंगणात कडुलिंबाच्या सावलीत कैऱ्या चिरत बसलेली. भिंतीपलीकडून हाक आली, "बेबीऽऽ." बेबी म्हणजे मीच. सत्तरी ओलांडली, तोंडात कवळी आली, नात नोकरीला लागली, तरी आमच्या वऱ्हाडात एकदा बेबी म्हटलं की ती सरणावरही बेबीच जाते. थोड्या वेळाने दुसरी हाक आली. शेवटचं अक्षर सुतासारखं ओढलेलं... आपाचीच. मी विळी आडवी केली आणि तिसरीची वाट बघत बसले. तिसरी आल्याशिवाय ओ द्यायची नाही, हा आमचा आयुष्यभराचा नेम. तिसरी आली नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की आपा आठवडाभर यवतमाळच्या दवाखान्यात आहे आणि पलीकडच्या घराला कुलूप आहे. पाठीवरचा घाम एकदम गार झाला. तेवढ्यात फोन वाजला. आपाची सून शबाना होती. "खाला, अम्मी गयी," म्हणाली आणि रडायला लागली.

आपा पिंजाऱ्याच्या घरातली. नवरा कापूस पिंजायचा, ती गाद्या-रजया शिवायची. पुढे नवरा गेला, पिंजायचं यंत्र आलं, पण रजईचा टाका आपाचाच राहिला. भिंतीला लागून टिनाचं छप्पर होतं, त्याखाली बाजेवर तिचा दिवस जायचा. सुई टोचू नये म्हणून बोटात पितळी टोपी घालतात ना, अंगुस्तान, ते तिच्या मधल्या बोटात. उठायचं झालं की ते काढून बाजूच्या टिनाच्या झाकणात ठेवायची. टिक्. आवाज एवढासा, पण भिंतीच्या अलीकडे मला बरोबर कळायचं, आपा उठली, आता चहाची वेळ झाली. तिच्या घरात घड्याळ होतं, माझ्याही घरात होतं. पण आमचा दिवस त्या टिक्वर चालायचा.

मी पुसदला आले तेव्हा सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून नवी नवी लागले होते. त्या वेळच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. पांढरा कोट घालून भाजी आणायला जायची. भाजीवाल्याने "डॉक्टरीनबाई" म्हटलं की दुरुस्त करायची नाही, पाव किलो वांगी जास्त घ्यायची. धम्म स्वीकारल्यावर आजोबांनी देव्हारा नदीत सोडलेला, वडील शाळामास्तर. आमच्या घरात भूत आलं असतं तर त्याला आधी पुरावा मागितला असता आणि मग बसायला चटई दिली असती. अशी मी, पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी भिंतीपलीकडून कोणी तरी नाव घेतलं म्हणून "ओ" म्हणत धावले, तर धुण्याच्या दगडावर चढून एक बाई भिंतीवरून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

"पहिल्याच हाकेले ओ देते काय वो पोरी? कोन हाय, काय हाय, पाह्यलं काय?"

"तुम्हीच तर हाक मारली."

"मी मारली, ते ठीक झालं. दुसऱ्या कोनाची असती त? ध्यानात ठेव, तीन हाका झाल्याबिगर ओ द्याची नाही. जे मानसाचं नसते ना, ते दोनदाच हाक मारते. तिसरी त्याले येत नाही."

मी तिथल्या तिथे तिला विज्ञानावर व्याख्यान दिलं. चांगलं लांबलचक. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं, मग कपभर साखर मागितली. हाक त्यासाठी होती.

पण गंमत अशी, की तिने मला त्या दिवसापासून कायम तीनदाच हाक मारली, आणि मी... तिसरीलाच ओ द्यायला लागले. स्वतःला सांगायची, म्हातारीचं मन राखते. म्हातारी! तेव्हा ती पस्तिशीची होती. माझ्या डोळ्यांना त्या काळी सगळं जग म्हातारं आणि अडाणी दिसायचं.

लॅबमध्ये आमचा एक शिरस्ता होता. सकाळी पेशंटचं रक्त तपासायच्या आधी, ज्याचं उत्तर ठाऊक आहे असा नमुना यंत्राला द्यायचा. यंत्राने तेच उत्तर दिलं तर पुढे जायचं. शिवाय मी वाचलेल्या मलेरियाच्या काचा, म्हणजे रक्ताच्या स्लाइड, यवतमाळला जायच्या, तिथे दुसरं कोणी वाचायचं, आणि कधी कधी मला ओरडा बसायचा. एका संध्याकाळी मी आपाजवळ याची फुशारकी मारली, की आम्ही एका नजरेवर विश्वास ठेवत नाही. ती टाका घालता घालता म्हणाली, "म्हंजे तुह्या दवाखान्यात बी तीन हाका लागते." मला इतका राग आला की दोन दिवस भिंतीकडे गेले नाही. आपा फार शहाणी होती असं मात्र समजू नका. टरबूज ठोकून बघायची तिला हौस भारी. आख्खा ढीग ठोकायची, कान लावायची, विक्रेत्याचा अंत बघायची आणि घरी येऊन कापलं की पांढरं. दर वर्षी. वर तोंड सरळ ठेवून म्हणायची, "लालच हाय. सावलीत तसं दिसते." ते तिचं तोंड लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ती गोष्ट सांगते, जी मी अनेक वर्षं कोणाला सांगितली नव्हती. माझ्या अंगात तेव्हा खोड्या फार. एका दुपारी वाटलं, आपाची अंधश्रद्धा आज मोडूनच काढू. कडुलिंबाला पाठ लावून उभी राहिले आणि भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "आपाऽऽ." मग दुसरी. आणि तोंडावर पदर दाबून गप्प. बेत असा, की ती येणार नाही, मग मी भिंतीवरून डोकावून तिला हसणार. पलीकडची सुई थांबली. कापसाची गंजी सरकल्यासारखा आवाज झाला. मग काहीच नाही. पानही हलेना. मग टिक्... अंगुस्तान झाकणात पडलं. आणि तिसरी हाक आली. "आपाऽऽ." माझ्याच आवाजात. माझं तोंड पदरात दाबलेलं. हाक आली ती माझ्या पाठीमागून, झाडाकडून. "ओ, आली आली," करत आपाचं डोकं भिंतीवर आलं. "काय वो? थोबाड काहून असं उतरलं?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तिने बाम दिला.

दुसऱ्या दिवशी मी प्रतिध्वनी शोधायला निघाले. विज्ञाननिष्ठ ना! त्याच वेळी, त्याच झाडाखाली, हाका मारल्या, ताट बडवलं, शेजारच्या गल्लीतले लोक बघायला आले. प्रतिध्वनी काही आला नाही. मग मी ठरवलं की उन्हामुळे कानात भास झाला, आणि त्या भासाला ओ देत आपा उठली कशी, याचा विचार करायचा नाही. न जुळणारा निकाल बाजूला ठेवायला मला लॅबने शिकवलं नव्हतं, ते मी आपलं आपण शिकले.

पुढे आयुष्यभर खरं-खोटं करण्यातच गेलं म्हणा. मुलाच्या शिक्षणाच्या वेळी जातपडताळणी, म्हणजे आमच्याकडे नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हणतात, त्यासाठी आजोबांपर्यंतचे दाखले काढत हिंडले. आपा म्हणाली, "इतल्या वर्साचा शेजार हाय, मी सांगते ना हे लोकं कोन हायेत ते." मी म्हटलं, आपा, तुझं चालत नाही. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. एका वर्षी बँकेतल्या यंत्राने माझा अंगठा ओळखलाच नाही. रेषा झिजल्या होत्या. पुन्हा पुन्हा दाबला, यंत्र म्हणे, ही ती नव्हे. आपा बरोबर आली होती, तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी रांगेत किंचाळले. "घ्या साहेब," ती खिडकीत म्हणाली, "जित्ती हाय. मुर्दा बोंबलते काय?" साहेब हसले, पण दाखला यंत्राने मानल्यावरच दिला. मी तेव्हा हसले खरी. घरी येऊन अंगठा मात्र बराच वेळ उजेडात धरून बघितला.

माझी नात मैत्री पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिने एकदा आम्हा दोघींना बाजेवर बसवून समजावलं, की यात दोन गोष्टी असतात. जसं ठरवलं तसंच बनलंय का हे बघणं वेगळं, आणि ज्याच्यासाठी बनवलं त्याचं काम त्याने होतंय का हे बघणं वेगळं, त्या दुसऱ्याला व्हॅलिडेशन म्हणतात. मला एका झटक्यात कळलं नाही. आपा म्हणाली, "टाके सरळ हायेत, कापूस पुरा हाय, हे एक. अन् थंडी गेली काय, हे दुसरं." ती खरंच थंडी संपल्यावर बाजारात गिऱ्हाइकाला अडवून विचारायची, ऊब आली होती का म्हणून. काही जण तिला टाळायला रस्ता बदलायचे. आणि माझे मिस्टर गेले तेव्हा घर भरून लोक मला धीर देत होते, सगळं ठीक होईल, ते सुटले, वगैरे. आपा आली, शेजारी टेकली आणि म्हणाली, "लय वाईट झालं, बेबी." एवढंच. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले. मैत्री नंतर म्हणाली, "आजी, समोरच्याचं दुःख खरं आहे म्हणणं, यालासुद्धा व्हॅलिडेट करणं म्हणतात." एका शब्दाला किती घरं असतात बघा. यंत्राचं, कचेरीचं, दवाखान्याचं... आणि हे एक, भिंतीला लागून असलेलं.

यवतमाळला मी तिला भेटायला गेले, ती शेवटची भेट. नाकात नळी, हात कापसासारखे हलके. मी तिथेच त्या दुपारची गोष्ट सांगून टाकली. दोन हाका मी मारल्या होत्या, आपा. तिसरी माझी नव्हती. तिने नाकातली नळी जरा सरकवली. मग म्हणाली, "तिसरी मीच मारलती. तुह्या आवाजात."

"काहून?"

"दोन देऊन तू गप झाली. म्हटलं, पोरीले उन्हात काई झालं काय. अन् तिसरी झाल्याबिगर मले उठता त येत नाही. मंग मारली मीच, अन् उठली."

मी सुटकेचा श्वास घेतला. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा, आणि त्याच्याखाली निघाली ती ही माया. आपल्याला धावून जायचंच आहे, मग पुरावा कमी पडला तर तोही आपणच द्यायचा... मला तिचा हात धरून हसू फुटलं. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू अडलं. अगदी सरळ तोंड. लालच हाय, सावलीत तसं दिसते.

चाळिसाव्या दिवशी शबानाने मला आपाचं अंगुस्तान दिलं. ते मी टिनाच्या झाकणात खिडकीत ठेवलंय. दुपारी मैत्रीसाठी गोधडी शिवायला बसते, तेव्हा बोटात घालते. घट्ट होतं, पण बसतं. शबाना दोन दिवस माहेरी फुलसावंगीला गेली, आणि पलीकडे पुन्हा कुलूप लागलं. त्या दुपारी मी कडुलिंबाखाली शिवत होते. हाक आली, "बेबीऽऽ." मग दुसरी. मी सुई थांबवली. मला त्या क्षणी भीती वाटली ती भुताची नव्हे, भुताला भ्यायले असते तर आजोबांनी वरून डोळे वटारले असते. भीती ही, की ओ दिली नाही तर आपा भिंतीपलीकडे ताटकळत राहील. आणि ओ दिली, आणि ती आपा नसली तर? तिनेच तर शिकवलं होतं. जिने खूण दिली, तिलाच खुणेशिवाय आत घ्यायचं कसं... पानही हलेना. मी अंगुस्तान काढून झाकणात ठेवलं. टिक्.

मग तिसरी झाली. मी "ओ, आली आली," म्हणाले, धुण्याच्या दगडावर चढले आणि पलीकडे बघितलं. कुलूप, बाज, छपराच्या कोपऱ्यात अडकलेला थोडा कापूस. दुसरं काही नव्हतं. तरी मी जरा वेळ तिथे उभी राहिले आणि कैऱ्यांचं लोणचं कसं झालंय ते सांगितलं.

संध्याकाळी मैत्रीचा फोन आला. पोटात काही राहत नाही माझ्या, सांगितलं सगळं. तिने हळूच विचारलं, "आजी, तिसरी हाक कोणी मारली?"

"मीच मारली," मी म्हटलं. "नाही तर उठता कसं आलं असतं?"

तिने सुटकेचा श्वास सोडला, तो मला इकडे ऐकू आला. बरं झालं, फोनवर तोंड दिसत नाही.