कोणाच्या घरचा ट्रॅक्टर

आमच्या दुकानाच्या नावाचा ट्रॅक्टर निघाला तेव्हा दोन हजार साल मागे पडून थोडाच काळ झाला होता आणि माझं लग्न होऊन दुसरं वर्ष चालू होतं. आर्वीच्या बाजारपेठेत सासऱ्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे राहायचं घर. त्याआधी आम्ही मोटारपंप, पाईप, फवारणीचे पंप विकायचो. मग एका हिवाळ्यात गावाबाहेरच्या शेडमध्ये लाकडी खोकी उतरली. त्यावर आडव्या-उभ्या रेघांची अक्षरं होती, कोणालाच वाचता न येणारी. खोकी फोडून मिस्त्रीने सुटे भाग जोडले, लाल रंग मारला आणि बोनेटच्या दोन्ही अंगांना आमच्या आडनावाचं मोठं स्टिकर चिकटवलं. लहान ट्रॅक्टर होता, संत्र्याच्या दोन ओळींमधून सहज जाणारा. पऱ्हाटीतही, म्हणजे कपाशीतही, चालायचा. लोक बघायला यायचे.

माझ्या माहेरी कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते आणि सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. आई अंगठा उठवायची, बाबांनी चौथीत शाळा सोडली होती. मी पुलगावहून पॅसेंजरने वर्ध्याला ये-जा करून बी.कॉम. झाले. सासऱ्यांनी मला पसंत केलं ते त्या पदवीसाठी. "आमच्या काऊंटरवर ग्रॅज्युएट सून बसते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि मलाही ते ऐकायला आवडायचं. मी त्यांना मामाजी म्हणायची, आमच्याकडे सुना म्हणतात तसं.

गिऱ्हाईक ट्रॅक्टरभोवती फिरून एकच विचारायचं, "कुठला हाये हा?"

मामाजींचं उत्तर ठरलेलं. "आपलाच. नाव नाई वाचलं का?"

खोटं त्यात काही नव्हतं. नाव आमचंच होतं. मला कोणी विचारत नव्हतं, म्हणून मीही काही सांगत नव्हते.

पहिल्या पावसाळ्यात तळेगावकडचा एक शेतकरी बारदान्यात गुंडाळून गिअरचा तुटका तुकडा घेऊन आला. तसा गिअर आमच्याकडे नव्हता. वर्ध्यात विचारलं, नागपूरला विचारलं, दुसऱ्या कोणत्याच कंपनीचा त्याला बसेना. मामाजी म्हणाले, पुढच्या कंटेनरमध्ये येईल. तो माणूस बाजाराच्या दिवशी यायचा, पायरीवर टेकायचा आणि विचारायचा, "आला का?" कधी आवाज चढवला नाही त्याने. कंटेनर आला, त्यात नवे ट्रॅक्टर होते, सुटे भाग नव्हते. डवरणीचे, पिकातलं गवत काढायचे दिवस निघून गेले तसं त्याने येणं सोडलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझे बाबा दुकानात आले.

बाबांकडे संत्र्याचा बगीचा आणि थोडी पऱ्हाटी. सालदार मिळेनासा झाला होता आणि बैलांमागे दिवसभर चालणं त्यांच्याने होत नव्हतं. पोरीच्या घरचा ट्रॅक्टर आहे म्हटल्यावर दुसरीकडे कशाला जायचं, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांनी बैलजोडीला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. ट्रॅक्टर घरी आला की दुसऱ्या दिवशी बैल जाणार, असा शब्द दिला होता. जोडी चांगली होती. गेली की तशी परत मिळणार नव्हती.

बाबा ट्रॅक्टरभोवती बैलाभोवती फिरावं तसे फिरले. मागून पाहिलं, पुढून पाहिलं, चाकाला हात लावला, बोनेटवर थाप मारली. मग मामाजींना, आपल्या व्याह्यांना, म्हणाले, "कोणाच्या घरचा म्हणाचा हा, इवाई?"

आमच्या गावाकडे बैल घेताना हा पहिला प्रश्न. किंमत नंतर. घर कळलं की जनावर कसं पोसलं, कसं वागवलं ते कळतं.

मामाजी हसले. "आता तुमाले काय सांगू? तुमच्याच पोरीच्या घरचा."

दुकानात बसलेले सगळे हसले. बाबाही हसले. "मंग पाहाचं काय राह्यलं," म्हणाले आणि दिवस ठरवून टाकला.

मी काऊंटरवर होते. माझ्या हातात पेन होतं आणि ते मी उगाच टोपणात घालत-काढत होते.

दुपारी शटर अर्धं खाली ओढून नवरा जेवायला आला तेव्हा मी विषय काढला. "तुमाले माहीत हाये न, याचे पार्ट भेटत नाई ते?"

"भेटन. येऊन राह्यले पुढच्या मालात."

"मागच्या बारीले बी हेच म्हणलं होतं."

"हे पाय, तुझ्या बाबाचा बंद पडला तं दुकानातल्या नव्या ट्रॅक्टरचा पार्ट काढून लावतो मी. माझ्या हातानं. मंग तं झालं?"

"अन् ज्याले तो अर्धा ट्रॅक्टर विकसान, त्यानं काय कराचं?"

"तुले तं अख्ख्या जिल्ह्याची काळजी," तो म्हणाला आणि वरण मागितलं. माणूस वाईट नव्हता तो. बापासमोर त्याचा आवाज निघत नव्हता, एवढंच.

मग मी मामाजींनाच विचारलं. सरळ. "मामाजी, चायनाचा हाये हे बाबाले सांगू का?"

ते पंपाचं झाकण पुसत होते. हात थांबला नाही. "चायना म्हटलं का लोकाईले दिवाळीच्या लायटिंगच्या माळा आठवते. एका रात्री पेटते, दुसऱ्या रात्री गूल. हा तसा माल हाये का?"

"नाई. चालते चांगला."

"मंग? मोठ्या कंपन्या काय करते? इंजिन एका देशातलं, पंप दुसऱ्या देशातला, वरतून त्याईचं नाव. त्याईले कोणी विचारते का?"

"त्याईचा पार्ट वर्ध्यात भेटते, मामाजी."

आता हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू या घरची हायेस का तिकडची?"

मी काऊंटरवर परत गेले. मी कुठली, हे मला खरंच माहीत नव्हतं.

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. यंत्र कोणत्या देशात झालं यावरून ते चांगलं की वाईट ठरत नाही. माहेरचा रेडिओ कुठला होता हे आम्हाला कुठे माहीत होतं? पण रेडिओ बंद पडला तर गाणी ऐकायची राहतात. ट्रॅक्टर बंद पडला तर गवत थांबत नाही. ज्याचं नाव बोनेटवर आहे त्याच्याकडे तुटलेल्या तुकड्याचं उत्तर असलं पाहिजे. आमच्याकडे ते नव्हतं आणि नाव तर भलंमोठं होतं.

एसटीडीवरून गावात फोन लावून बाबांना हळूच सांगता आलं असतं. दोनदा मनात आलं, दोनदा सोडून दिलं. सासरच्या माणसांच्या पाठीमागे असं कुजबुजणं मला जमणारं नव्हतं. सांगायचं तर तोंडावर. आणि तोंडावर सांगायचं धाडस होईना. ठरलेला दिवस जवळ आला तसा नवरा माझ्याशी मुद्दाम हवापाण्याच्या गोष्टी करू लागला.

त्या सकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आले. ट्रॅक्टर न्यायला गावातला एक ड्रायव्हर सोबत. बैलांचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं. मामाजींनी ट्रॅक्टर रस्त्यावर काढून उभा केला होता. हार, नारळ, सगळी तयारी. इवायाने इवायाकडून ट्रॅक्टर घेतला याची बाजारात चर्चा व्हावी म्हणून आजूबाजूच्या दुकानदारांना बोलावलं होतं. ओवाळायला मला उभं केलं. ताटात हळद-कुंकू, निरांजन आणि चावी.

मी बोनेटला कुंकू लावलं. ओवाळलं.

"दे सूनबाई, तुझ्याच हातानं दे चावी," मामाजी म्हणाले.

मी ताट पुढे केलं. बाबांनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. तोंडावर हसू होतं. "असं कसं? दावं देण्याआंधी घरच्या बाईनं खोड सांगा लागते. तू आता विकणाऱ्या घरची, बाई."

ही आमच्या गावची रीत. बैलाचा सौदा पुरुष करतात, पण दावं हातात देण्याआधी त्या घरची बाई बैलाची खोड सांगते. चारा-पाणी तिच्या हातचं, बैल कधी शिंग उगारतो, कधी बसून घेतो, तिलाच ठाऊक. तिने सांगितलं आणि घेणाऱ्याने तरी घेतला, तर पुढे तक्रार नाही. तिने लपवलं, तर ते घर पंचक्रोशीत बदनाम. माझ्या आईने असंच प्रत्येक बैलाच्या वेळी सांगितलेलं मी ऐकलं होतं. बाबांनी गंमत म्हणून काढलं होतं की अर्धं खरं, हे मला अजून कळलेलं नाही.

"काका, ट्रॅक्टर लाथ नाई मारत," शेजारचा किराणावाला म्हणाला.

"अन् मारली तं तुया दुकानात आणून बांधू का?" बाबा म्हणाले. हशा झाला.

मी ताट दोन्ही हातांनी धरलं होतं.

"खोड हाये, बाबा," मी म्हटलं.

लोक अजून हसतच होते.

"इंजिन अन् गिअर चायनातून खोक्यात येते. आपल्या शेडमधी जोडते. नाव तेवढं आपलं. कामाले वाईट नाई, चालते चांगला. पण मोडला तं पार्ट इथं नाई भेटत, वर्ध्याले नाई, नागपूरले बी नाई. एक जण अख्खी डवरणी बसून राह्यला गेल्या साली."

हसू कुठे थांबलं ते कळलं नाही. नवरा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाकडे पाहत होता. मामाजींच्या हातात हार तसाच होता.

बाबांनी चावीला हात लावला नाही. मामाजींकडे वळून शांतपणे विचारलं, "पार्ट कवा येते, इवाई?"

"येऊन राह्यले न."

"आले का सांगजा. मी येईन."

"तुमच्या पोरीनं भर बाजारात नाक कापलं माहं," मामाजी म्हणाले. आवाज मोठा नव्हता, म्हणून जास्त लागला.

"माह्या पोरीनं नाई," बाबा म्हणाले. "तुमच्या सुनेनं सांगितलं. माही म्हणून सांगितलं असतं तं घरी येऊन, कानात सांगितलं असतं."

ते ड्रायव्हरला घेऊन बसस्टँडकडे गेले. माझ्याशी बोलले नाहीत. पुढचं मला नंतर आईकडून कळलं. बैलांच्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन त्यांनी दिलेला शब्द परत घेतला. बाबा बाजारात शब्द फिरवणारे नव्हते. त्या गिऱ्हाइकाने चार लोकांत सुनावलं आणि बाबांनी ऐकून घेतलं.

रस्त्यावरची गर्दी पांगली. मामाजींनी ताटातली चावी उचलून खिशात टाकली. "उद्यापासून दुकानात बसू नको," म्हणाले.

"बरं," मी म्हटलं.

नवऱ्याने मामाजींच्या हातातला हार घेऊन देवाच्या फोटोला घातला. काहीतरी करायचं म्हणून.

मग माझे दिवस मागच्या घरात गेले. आमच्या स्वयंपाकघराची आणि दुकानाची भिंत एकच. काऊंटरवरचं सगळं बोलणं ऐकू यायचं. मी तांदूळ निवडत ऐकायची. मामाजी माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मीठ, पाणी, चहा. सासूबाई तर नव्हत्याच, मी लग्न होऊन येण्याआधीच गेल्या होत्या. मध्यस्थी करणारं कोणी नाही. मला माहेरी पाठवतील का, याचा मी रोज विचार करत होते आणि पाठवलं तर काय करीन याचाही. वर्ध्याला एखाद्या ऑफिसात नोकरी लागली असती. ती पदवी माझी होती, ती कोणी काढून घेणार नव्हतं. पण मला जायचं नव्हतं, हेही खरं.

ट्रॅक्टर पाहायला माणसं कमी येऊ लागली. बाजारात गोष्ट फिरली होतीच.

पाऊस लागायच्या थोडं आधी एका सकाळी आष्टीकडचं गिऱ्हाईक आलं. बोलण्यावरून पैशाचा माणूस वाटला. त्याला ट्रॅक्टर आवडला होता. इंजिन सुरू करून पाहिलं, बंद केलं. मग विचारलं, "कुठला हाये हो हा?"

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

पलीकडून मामाजींचा आवाज आला, "इंजिन चायनाचं हाये. जोडतो आम्ही. पार्टाले टाइम लागते, आत्ता दुकानात नाई. पाहून घ्या तुमी."

"अस्सं," तो माणूस म्हणाला. थोडं इकडचं तिकडचं बोलला, पाईपचा भाव विचारला आणि गेला.

मामाजी दुपारी जेवायला बसले. मी वाढत होते.

"गेला तो," ते ताटाकडे पाहत म्हणाले.

"ऐकलं मी."

"आता काय कराचं? शेडमधी उभे हायेत तेवढे घेऊन बसू?"

मला विचारलं होतं, म्हणून मी सांगितलं. "नवे ट्रॅक्टर मागवू नका आत्ता. आंधी गिअर, सील, क्लचच्या प्लेटा मागवा. जेवढ्याईले विकले, त्याईले बलावून विचारा काय काय तुटलं ते. मंग बाकीचे विका."

"अन् तोवर?"

"तोवर पंप हायेत न."

ते तोंडातला घास हळूहळू चावत राहिले. मला वाटलं, आता ताट सरकवतील. त्यांनी वाटी पुढे केली आणि आणखी वरण मागितलं.