सुंदराताईने न वाचलेलं प्रकरण

सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुंदराताईची खानावळ होती. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाला, गजेंद्रला, घेऊन शिरपूरकडून इथे आली आणि लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्या आम्हा पोरांना जेवू घालू लागली. तिचा हात तिखट, जीभ त्याहून तिखट. पण कारखान्यांच्या सुट्टीला, जेवणं उरकली की, ती एक जुनी कादंबरी मोठ्याने वाचायची.

पुस्तकाचा पुठ्ठा आणि नावाचं पान केव्हाच गेलेलं. त्यातला हैबती किल्ल्यावर घोडे सांभाळतो. पहिल्याच पानावर किल्लेदार त्याला चाबकाने फोडून काढतो आणि त्याच्या बापाला कड्यावरून लोटतो. पुढे हैबती त्या किल्लेदाराला तळ्याकाठी गाठून त्याच्या छातीत कट्यार खुपसतो. इथे ताई पुस्तक मिटायची. पुढची पानं उंदरांनी खाल्ली म्हणायची.

शिकलेली माणसं सांगतात, तरुण पोरांना घोडे नि तलवारी आवडतात. काय डोंबल आवडतात. आम्हाला हैबती आवडायचा तो मार खायचा म्हणून. कापडात दोष निघाला की आमचा मास्तर, म्हणजे कारखान्यातला मुकादम, कानाखाली जाळ काढायचा आणि जो तो आम्हालाच सबुरी शिकवायचा. त्या पुस्तकाने हैबतीला सबुरी शिकवली नाही, एवढ्यावर आमचा जीव होता.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात मास्तरने लूमचा दांडा गजेंद्रच्या डोक्यात घातला. कान अर्धा तुटून लोंबला. रक्त कापडावर सांडलं, तर माल खराब केला म्हणून त्या हरामखोराने वर पोटात लाथ घातली.

टाके घालून आल्यावर गजेंद्र खानावळीच्या ओट्यावर बसून मला आणि शेजारच्या लूमवरच्या योगराजला बेत सांगू लागला. कमरेला त्याने धोटा खोचला होता. लूमवर सूत घेऊन धावणारा हा लाकडी धोटा दोन्ही टोकांना लोखंडी अणीचा असतो, माणसाच्या गळ्यातून सहज आरपार जाईल. हैबतीने किल्लेदाराला संपवला तसाच मास्तरला संपवायचा होता. पण आम्ही पडलो लूमवाले. खडखडाटात कान निम्मे गेलेले, ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. आम्हाला वाटलं आपण कुजबुजतोय, आणि बेत गल्लीने ऐकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरच सळया घेतलेली चार माणसं आणून दारात उभा राहिला. योगराजचा हात पहिल्याच फटक्याला मोडला, तो आवाज मला बहिऱ्यालाही ऐकू आला. माझे दोन दात पडले. गजेंद्रला त्यांनी गटारीत लोळवून तुडवलं. तेवढ्यात सुंदराताई उकळत्या वरणाचं पातेलं घेऊन आली आणि तिने ते मास्तरच्या तोंडावर रिकामं केलं. तो किंचाळत कोसळला, ते पाहून त्याची माणसं पळाली. गजेंद्र त्याच्या छातीवर बसला, धोटा उगारला. अख्खी गल्ली ओरडू लागली, हैबती, हैबती. मीही ओरडत होतो, तोंडात रक्त असताना.

ताईने त्याचं मनगट धरलं नाही. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"गजू, शेवट उंदरेसनी नई खादा. मीच वाचा नई. हैबतीले फाशी देतस. अन त्यानी बहीणच त्याले दोरवरथून उतारस."

गजेंद्रने धोटा मारलाच, पण मास्तरच्या उजव्या पंजात, दांडा धरणाऱ्या. अणी मातीत रुतली.

गजेंद्र तुरुंगात गेला आणि जिवंत परत आला. तो आल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला ताईने पुस्तक न मिटता वाचत नेलं. बहीण दोर कापते तिथे तिला पुढे वाचवेना. उरलेलं पान गजेंद्रने वाचलं, नेहमीसारखं ओरडून, आणि त्या दिवशी आम्ही कोणी त्याला हळू बोल म्हणालो नाही.