आम्ही आईला बसवून ठेवलं

“मला धरू नकोस रे. नुसता जवळ उभा राहा, माझी मी उठते,” देवासच्या दवाखान्यात आई म्हणाली. खुब्याचं हाड मोडलेलं, आणि मागणी ही... मी अर्थातच उठू दिलं नाही. त्याच आठवड्यात न्यूमोनियानं ती गेली.

तेराव्याला शेजारी माझा हात दाबून म्हणाले, “भिया, क्या सेवा की माताजी की! पलंग से पैर नीचे नहीं रखने दिया.” तेव्हापासून माझं डोकं भडकलेलं आहे. कारण ते अक्षरशः खरं होतं.

धारला आमच्याकडे देवळाची पूजा. अभिषेकाचं पाणी विहिरीवरून आई आणायची. सत्तरी उलटली तरी भरली घागर घेऊन, कठड्याला हात न लावता पायऱ्या चढायची. बाबा गेल्यावर मी तिला देवासला आणलं, आणि आमच्यात प्रेमाची रीत एकच, म्हाताऱ्या माणसाला काही करू द्यायचं नाही. तिच्या हातातून बादली काढली, कणकेची परात काढली, शेवटी भाजीची पिशवीसुद्धा. सासू कामाला उठली तर सुनेची बदनामी ना! वर्षभरात तिच्या मांड्या वाळून गेल्या. आम्ही म्हटलं, वय झालं.

वय कसलं? तेव्हा घरी यायला लागलेल्या फिजिओथेरपीवाल्या मुलीनं स्पष्ट सांगितलं होतं, उतारवयात स्नायू झिजतात, पण कामाला लावले तर पुन्हा ताकद धरतात. हात न टेकता खुर्चीतून उठवा, हलकी वजनं उचलू द्या, डाळ-दूध वाढवा. आई खूश. “म्हणजे आता पहलवानकीच की!” आणि मला लाज वाटली... म्हातारी आई गॅलरीत डंबेल घेऊन उभी, कॉलनी काय म्हणेल? त्या मुलीला मी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून कळवलं. मग एका सकाळी बाथरूममधल्या स्टुलावरून उठताना आईच्या पायांना तिचं वजन पेललं नाही आणि ती पडली.

आणि लोक सेवा म्हणतात! आम्ही तिचं एकेक काम काढून घेतलं, त्याबरोबर तिचे पायही काढून घेतले.

मागच्या आठवड्यात धारला गेलो होतो. काका, आईचे धाकटे दीर, आता एकटेच असतात. म्हटलं, “काका, आता देवासला चला, आमच्याकडे.”

ते गव्हाचं पोतं भिंतीकडे ओढत होते. ओढता ओढताच म्हणाले, “नको रे बाबा. वहिनी फोनवर सांगायच्या, तिकडे फार जपतात.”