पडद्यामागचा हात

एक्स-रे खोलीत मी कुणाला पहिलं काय शिकवलं असेल, तर चुकीचं शिकवलं. सोलापुरात आमच्या इस्पितळात यंत्र नवं होतं, सन तीसच्या आधीची गोष्ट. रोज सकाळी पहिला रोगी आत घ्यायच्या आधी खोली अंधारी करायची, यंत्र चालू करायचं आणि चमकणाऱ्या पडद्यामागे आपलाच डावा हात धरायचा. हाडं स्वच्छ दिसली की यंत्र ठीक. स्वतःच्या जिवंत हाताचा सांगाडा बघता येतो, हे आम्ही मिरवायचोही.

हीच रीत मी दुधनीकडच्या एका कंपाउंडरला शिकवली. माणूस हुशार, कानडी-मराठी दोन्हींत फर्डा. महिन्याभरात यंत्र शिकला आणि दुसऱ्या गावच्या दवाखान्यात लागला.

सहा-सात वर्षांनी माझ्या नखांना चिरा पडल्या. त्याच सुमारास मुंबईहून सूचनांचा कागद आला: हात धरू नका, कातडी जळते, बोटं जातात. माझं जाऊ द्या हो, त्या कंपाउंडरचं काय?

मी डॉक्टरांपुढे बेत मांडला. यंत्र चालवणाऱ्यांना एकदा शिकवून सोडून द्यायचं नाही, दरवर्षी दोन दिवस परत बोलवायचं. पहिला तास हाताचा, मग शिशाचे हातमोजे, मग बाकीचं. डॉक्टर म्हणाले, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी हट्टाला पेटलो. खरं तर त्या एकाला साधं पत्र टाकता आलं असतं. पण ‘मी चुकीचं शिकवलं’ हे कागदावर उतरेना. वर्गाच्या आडून सांगणार होतो मी, लाज वाटते आता. त्या आखणीत सहा महिने गेले.

पहिल्याच वर्गाला तो आला. उपरण्याखाली हात झाकून बसला. मी हाताचा धडा सांगितला तेव्हा बाकीचे लिहून घेत होते, हा नुसता ऐकत होता. तास संपल्यावर जवळ आला आणि त्यानं उपरणं बाजूला केलं. दोन बोटं नव्हती. मला वाटलं, आता शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माजं ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “मी बी फुडं चौघांना असंच शिकवलंय की. त्यांना कवा बोलावताय?”

त्या दिवशी मात्र मी बसल्या जागी पत्रं लिहिली, माझी चूक माझ्या नावानं लिहिली. तिघांचा पत्ता लागला. चौथा नोकरी सोडून निजामाच्या मुलखात गेला होता. तिथं तो आता इतरांना यंत्र शिकवतो, एवढंच कानावर आलं.