दुखवट्याच्या वर्षातला बर्फ

नाताळच्या दुपारी, बाहेर लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून हिंडत असताना, माझी सत्तरीची आई दोह्याच्या एका मॉलमध्ये बर्फाच्या उतारावरून रबरी ट्यूबवर बसून किंचाळत खाली आली. शिवाय हसतही होती. मी खाली उभी होते आणि माझं उघडलेलं तोंड मिटेना.

बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांत घरातलं माणूस गेलं की त्या नाताळला दारात तारा लागत नाही, येशूजन्माचा गोठा मांडत नाहीत, गोडाधोडाचं काही करत नाहीत. शेजारीपाजारी ताटं पाठवतात, तीच खायची. इथे दोह्यात, अल मुंतझा भागातल्या आमच्या फ्लॅटवर कोण ताट पाठवणार आणि कोण बघायला येणार? तरी मी दुखवटा काटेकोर पाळला. ट्री नाही, केक नाही. लेकीने नाक फुगवून "धिस इज सो अनफेअर, मम्मा" म्हटलं तरी बधले नाही. बाबांच्या शेवटच्या दिवशी मी वेळेवर पोहोचू शकले नव्हते. निदान त्यांचा मान तरी नीट राखायचा होता.

आणि सकाळी चर्चमधून आल्यावर नवरा सांगतो, बर्फाची तिकिटं काढलीत! मी भडकले.

"अगं, बर्फच बघायचाय, नाचायचं नाहीये," तो म्हणाला.

मला वाटलं आईच नको म्हणेल. बाबा गेल्यापासून ती 'हो' आणि 'नको' यापलीकडे फारसं बोललीच नव्हती. म्हणून तर तिला इकडे आणलं होतं. पण तिने चक्क चपला पायात सरकवल्या.

बर्फाच्या दारावरच्या फिलिपिनो मुलीने जाड विजार पुढे केली. ती लुगड्यावरून काही चढेना. "तिला सांग गो," आई म्हणाली, "भाताच्या चिखलात चाललं हे लुगडं, इथे काय होतंय त्याला?" शेवटी वर जॅकेट, पायात बूट आणि मध्ये लुगडं, अशी स्वारी आत शिरली. मुलगी हसून म्हणाली, "यल्ला, मामा!" म्हणजे चला, आई!

आत खोट्या सूचिपर्णी झाडांवर छतातून भुरभुर बर्फ पडत होता. असा बर्फ मी एकदा वसईत आमच्या अंगणात बघितला होता.

सात वर्षांची असेन. त्या पावसाळ्यात बाबांची आई गेली होती, म्हणून तारा नाही आणि गोठाही नाही. मी रडून घर डोक्यावर घेतलं. नाताळच्या पहाटे बाबांनी मला हलवून उठवलं आणि उचलून ओट्यावर आणलं. मोगऱ्यावर, विहिरीच्या कठड्यावर, केळीच्या पानांवर सगळं पांढरं. त्यांनी एक अख्खी उशी फोडली होती. "बर्फ पडला बघ," ते कानात म्हणाले. कापूस आहे हे मला कळत होतं, तरी मला खरंच थंडी वाजली. मग आईने मला आत नेऊन फ्रॉक घातला, वेण्या घातल्या. चर्चमध्ये मिस्साला जायला बाहेर आले तर अंगण लख्ख, आणि बाबा हातात झाडू घेऊन उभे. "वितळला गो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण त्या दिवसापासून मनात पक्कं बसलं की दुखवट्याच्या बाबतीत बाबांकडे सूट नाही.

आणि इथे त्यांची बायको केसांत बर्फ घेऊन म्हणत होती, "अजून एकदा जाते."

माझा तोल गेला. "आई, लाज नाही वाटत? बाबांनी स्वतःच्या आईसाठी अंगणात चिमूटभर कापूस ठेवला नाही! आणि तू त्यांच्या वर्षात..."

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. आई ट्यूबवरच बसून राहिली.

"त्यांनी?" ती म्हणाली. "झाडू मी दिला गो त्यांच्या हातात. लोक मिस्साला त्याच वाटेने जाणार, बघणार, काय म्हणतील. हात जोडले त्यांनी माझ्यापुढे. 'माझी आई गेलीय, मला ठाऊक आहे, पण पोरीसाठी आजचा दिवस राहू दे,' म्हणाले. मी ऐकलं नाही. आई त्यांची मेली होती, आणि दुखवटा कसा पाळायचा ते मी त्यांना शिकवत होते."

मी थंडीने नव्हे, धक्क्याने गारठले. इतकी वर्षं! त्या माणसाने मला दोन दिवस रुसू दिलं आणि जन्मात कधी माझ्या आईचं नाव घेतलं नाही. आणि मी त्यांच्याच नावावर माझ्या पोरीला सगळं नाकारत होते.

"आजी, कम! फास्ट!" लेक वरून ओरडली.

आई माझा हात धरून उठली. "तेव्हा नाही ऐकलं त्यांचं," ती म्हणाली. "आज ऐकते आहे. तू मध्ये येऊ नको."

ती लुगडं सावरत पुन्हा चढायला लागली. मी खालीच राहिले, आणि एवढ्या लोकांसमोर मोठमोठ्याने रडले.