फुलीचे सहा दिवस

बिएल्स्को शहरातल्या शेअर दलालाच्या कचेरीत बोगुमिल सार्नेत्स्की रोज अकराला येत आणि खिडकीजवळच्या टेबलावर आलेखकागद पसरत. उभे आयुष्य नकाशे काढण्यात गेले होते. निवृत्तीनंतर ते शेअरच्या भावांच्या रेषा काढू लागले. मधोमध वीस दिवसांची सरासरी आणि भाव तिच्यापासून जितके भरकटतील त्या बेताने वर-खाली एकेक रेषा. बाजार बिथरला की या रेषा फाकत, निवला की जवळ येत.

गेल्या तीन आठवड्यांत सूतगिरणीच्या शेअरच्या रेषा बोटभर अंतरावर आल्या होत्या. बाजार शांत आहे, या भरवशावर त्यांनी आपल्या भावजयीला, लेओकादियावहिनींना, शेअर विकायचे दोनदा थांबायला सांगितले होते. वहिनींनी त्याच गिरणीत सव्वीस वर्षे काढलेली. कामगार म्हणून मिळालेले शेअर विकून त्यांना चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावरच्या घरात राहायला जायचे होते. गुडघे आता ऐकत नव्हते.

मंगळवारी जुन्या वर्तमानपत्रांशी आकडे ताडताना सार्नेत्स्कींचा हात थबकला. काही भावांपुढे बारीक फुली होती: त्या दिवशी सौदा नाही, भाव आदल्या दिवसाचा. फुलीचा अर्थ त्यांना ठाऊक होता. परंतु नकाशात रेषा तुटू द्यायची नाही, ही चाळीस वर्षांची सवय; तोच भाव ते निमूटपणे भरत गेले होते. विसांत सहा दिवस असे निघाले. ते खोडून त्यांनी मागचे सहा खरे भाव घेतले. रेषा वीतभर फाकल्या.

संध्याकाळी प्रत्येक मजल्यावर थांबत ते वहिनींकडे चढले.

"बसा भाऊजी. मी तर रोज चढते," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी कागद पुढे केला. "चूक माझी आहे, वहिनी. सहा दिवस सौदाच झाला नव्हता. मला ती शांतता वाटली."

"म्हणजे घेणाराच नव्हता?"

"नव्हता."

"मंडईत कोबी सहा दिवस पडून राहिला, तर त्याला शांत कोबी म्हणाल का?" वहिनींनी चहात लिंबाची चकती सोडली. "मग, विकू?"

"विका. घेणारा मिळेलच, असं मात्र सांगता येत नाही."

"हे पहिल्यांदा खरं बोललात."

बुधवारी सकाळी वहिनींनी विक्रीचा अर्ज दिला. गुरुवारच्या वर्तमानपत्रात गिरणीच्या भावापुढे पुन्हा फुली होती. सार्नेत्स्कींनी बुधवारचा चौकोन कोराच ठेवला, पेन्सिल खिशात घातली आणि वहिनींचे चार मजले चढायला निघाले.