झरीची करडई नकाशात नव्हती

"झरीत करडई न्हाई म्हनता? मंग हे काटे आमच्या हाताला हौस म्हून टोचायलेत का?"

सुमनबाई फोनवर तापल्या होत्या. झरीच्या शेतकरी गटाच्या त्या अध्यक्षा. करडईचं खरेदी केंद्र कुठं उघडायचं, हे आमच्या ऑफिसनं उपग्रहाच्या फोटोवरून काढलेल्या पिकांच्या नकाशावरून ठरणार होतं. नकाशात झरीच्या शिवारात नुसती ज्वारी. केंद्र निघालं कॅनॉलपलीकडच्या बोरीला. तिथवर माल न्यायची सोय नसली की गावातल्या व्यापाऱ्याला पडेल भावात द्यायची, एवढंच बाईंच्या हाती उरत होतं.

नकाशा नेहमीच्या पद्धतीनंच झाला होता. साधा कॅमेरा लाल, हिरवा, निळा एवढंच पाहतो. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा तोच उजेड शेकडो बारीक पट्ट्यांत मोजतो. त्यांना म्हणायचं बँड. ऐकायला लय भारी! पण शेजारचे बँड जवळपास एकच गोष्ट सांगतात, आणि शेतात जाऊन तपासलेले नमुने असतात मोजके. मग कॉम्प्युटर शिकत नाही, घोकंपट्टी करतो. म्हणून सगळ्या बँडचा अर्क काढून थोडेच थर ठेवायचे. आम्ही त्यासाठी पीसीए हे गणित वापरतो. फरक जिथं जास्त, तेवढं पीसीए ठेवतं.

ठेवलेला पहिला थर मी स्क्रीनवर उघडला. झरी काळीकुट्ट, बोरी उजळ. काळ्याची कड थेट कॅनॉलला धरून गेलेली. पिकं अशी कॅनॉल बघून उगवतात होय? मी बाईंना परत फोन लावला.

"ताई, फोटो घेतला त्या आठवड्यात कॅनॉलला पाणी होतं का?"

"व्हतं की. आमची पाळीच चालू व्हती. समदं रान भिजलं व्हतं. का ओ?"

झालं! सगळ्यात मोठा फरक ओल्या-कोरड्या रानाचा होता, पीसीएनं इमानदारीत तोच ठेवला. करडई अजून फुलावर नव्हती. तिचा अन् ज्वारीचा फरक बारीक, तो टाकून दिलेल्या थरांत गेला. आधीच्या नमुन्यांतली ज्वारी नेमकी ओल्या रानातली होती, करडई कोरड्यातली. ओली ती ज्वारी, कोरडी ती करडई, असा नकाशा आम्ही वर पाठवला होता. तो थर दाखवायला मी आमच्या ऑफिसप्रमुख सरांकडं गेले.

"मॅडम, नकाशा वर गेलाय. आता हात लावू नका," सर म्हणाले.

"चुकीचा गेलाय, सर."

सरांनी काळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं, ते कॅनॉलवरूनच गेलं. मग म्हणाले, "जीप घेऊन जा."

मी दोन्ही शिवारं फिरले. ओली रानं, कोरडी रानं, दोन्हींतले नमुने घेतले. त्याच फोटोवर या वेळी एलडीए हे दुसरं गणित लावलं. त्याला आधी सांगावं लागतं, हे शेत ज्वारीचं, हे करडईचं. मग या दोन पिकांना जे वेगळं पाडतं तेवढंच ते ठेवतं. काही शेतं मुद्दाम परीक्षेसाठी बाजूला ठेवली होती. तीही बहुतेक बरोबर ओळखली गेली. झरीत करडई उमटली. बोरीची बरीच करडई ज्वारी निघाली.

"बोरीवाल्यांना काय सांगू हो आता?" सरांनी विचारलं.

"रानात जे उभं आहे ते," मी म्हणाले.

केंद्र झरीत उघडलं. सुमनबाईंनी फोन करून सांगितलं, "पयलं पोतं आमचंच मापलं, म्याडम!" मला मनापासून बरं वाटलं. बोरीहूनही फोन आले. ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

बँड कमी करावेच लागतात. फक्त आपण काय शोधतोय ते मशीनला आधी सांगावं. नाहीतर ते ठळक दिसेल ते उचलतं, आणि करडईचं केंद्र कॅनॉलच्या पाण्यावर ठरतं.